मयताच्या गाडीचं नवं इंजिन

बनाबाईंचं मयत गणपतराव इंगवल्यांच्या दारात थांबलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि गणपतराव दात घासत होते.

थांबायचं काही ठरलेलं नव्हतं. तालमीची शववाहिका चढ चढून आली, गणपतरावांच्या घरासमोरच्या वळणावर डावीकडं वळली, आणि वळता वळता तिचा आवाज गेला. ना खोकली, ना आचका दिला. बोलता बोलता माणसानं डोळे मिटावेत तशी गेली. मागून चालणाऱ्या पन्नासभर माणसांच्या चपला आणखी दोन पावलं वाजल्या आणि त्याही थांबल्या. नदीकडून वर आलेलं धुकं गल्लीत गुडघाभर साचलं होतं, आणि त्या धुक्यात गाडीची मागची काच बरोबर गणपतरावांच्या उंबऱ्यासमोर आली होती. मग त्या शांततेत गाडीच्या पोटातून एक बारीक आवाज सुरू झाला. गुंईऽऽ. तोंड मिटून कुणीतरी सूर धरावा तसा. दोन क्षण वाजला आणि तुटला.

"बाळासो, काय झालं रं?" तालमीचे अध्यक्ष अमरसिंह यांनी खिडकीशी येऊन विचारलं.

"काय की," ड्रायव्हर बाळासो किल्ली फिरवत म्हणाला. "नवं इंजिन हाय. बंद पडायचं कारणच न्हाई."

किल्ली फिरवली की गुंईऽऽ व्हायचं आणि पुढं काही नाही. गर्दीतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "बनाक्काची कायतरी इच्छा ऱ्हायली असंल." त्यासरशी पन्नास माणसांनी मान वळवून गणपतरावांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडात ब्रश होता आणि हनुवटीवरून फेस गळत होता.

"तात्या, हात जोडा आणि बोला कायतरी," अमरसिंह म्हणाले.

"मी काय बोलू?"

"ऱ्हायलं असंल ते."

गणपतरावांनी चूळ भरली, हात जोडले आणि म्हणाले, "बनाबाई, जावा आता निवांत." बाळासोनं किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघाला आणि मयत नदीकडं गेलं.

गणपतरावांचा बनाबाईंशी संबंध एवढाच, की ते बत्तीस वर्षं पाणीपुरवठा विभागात होते आणि नळाला पाणी कमी आलं की बनाबाई त्यांना गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जातील अशा शिव्या देत. पण चहाच्या वेळी त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, कप जरा जोरातच ठेवला.

"काय ऱ्हायलं हुतं?"

"कुणाचं?"

"बनाबाईचं. चाळीस वर्सं मी तुमाला कुठं जा म्हणलं तर पायात चप्पल घालाय अर्धा तास लावतासा. ती बरी एका शब्दात गेली."

आता या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. पेठ पैलवानांची. पैलवान जिवंत असतो तोवर त्याच्या वजनाचं कौतुक असतं; गेल्यावर मात्र ते वजन दुसऱ्यांना उचलावं लागतं. तालमीची जुनी व्हॅन लहान इंजिनाची. मागच्या वर्षी एका वस्तादांना नेताना ती चढावर दमली, आणि मयताला आलेल्या माणसांनी वस्ताद आणि गाडी असं दोन्ही ढकलत घाटावर नेलं. त्याच आठवड्यात वर्गणी निघाली. शाहूपुरीतल्या सम्राट मेस्त्रीनं एका मोठ्या मोटारीचं इंजिन या व्हॅनमध्ये बसवलं. अमरसिंहांनी वाळूची पोती भरून चाचणी घेतली आणि जाहीर केलं, "आता कितीबी मोठा माणूस जाऊ दे, गाडी कमी पडायची न्हाई." ऐकणाऱ्या मोठ्या माणसांना यात फारसा आनंद झाला नाही.

पेट्रोलचा मात्र पेठेचा जुनाच दंडक राहिला. ज्याच्या घरी मयत झालं, त्यानं कॅनमधून दोन लिटर आणायचं. जाऊन येण्यापुरतं, वर थेंब नाही. मयताच्या गाडीत उरलेलं पेट्रोल म्हणजे पुढच्या माणसाची वाट बघणारं पेट्रोल, असं सगळे मानत. कुणाकडून चुकून जास्त पडलंच तर बाळासो नळीनं काढून त्याच संध्याकाळी तालमीच्या मागं ओतून टाकायचा.

नऊ दिवसांनी जोतीराम पैलवान गेले. संध्याकाळ होती, आभाळ भरलेलं होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. या वेळी गणपतराव टोपी घालून दारात अदबीनं उभे होते. गाडी चढ चढली, वळली, आणि तिथंच, त्याच दगडापाशी, तिचा आवाज गेला. गुंईऽऽ.

सगळे नुसते गणपतरावांकडं बघत राहिले.

"जोतीराम," गणपतराव हात जोडून म्हणाले, "तुझं माझं काय ऱ्हायल्यालं न्हाई बाबा. जा."

बाळासोनं किल्ली फिरवली. गुंईऽऽ. गाडी जागची हलली नाही.

"तात्या, आठवा जरा," अमरसिंह कळवळून म्हणाले. "पावसाच्या आत न्ह्यायचं हाय."

गणपतरावांनी घाम पुसला. इकडं तिकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "शाळंत असताना तुझा नवा लंगोट गेलता, तो मीच नेलता."

गाडी सुरू झाली.

पेठेची आता खात्रीच पटली. जोतीरामांच्या थोरल्या मुलानं मागं वळून गणपतरावांकडं असं पाहिलं, की तेराव्याला जावं की नाही याचा ते तीन दिवस विचार करत होते.

तिसरं मयत झालं तेव्हा मात्र गोष्टीनं वेगळंच वळण घेतलं. शेवटच्या गल्लीत नागपूरकडचे एक साहेब भाड्यानं राहत होते. येऊन तीन महिने झाले होते आणि ते कुणाला ओळखत नव्हते, त्यांनाही कुणी ओळखत नव्हतं. ते गेले, तर त्यांना नेतानाही गाडी गणपतरावांच्या दारात थांबली. गुंईऽऽ. साहेबांची इच्छा राहिली असेल असं कुणाला म्हणता येईना. गणपतराव आपलं सगळं आयुष्य आठवून बघत उभे राहिले. नागपूरला त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. दहा मिनिटांनी गाडी आपली आपण सुरू झाली.

समोर राहणारे आण्णा हे गणपतरावांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघंही चौऱ्याहत्तरचे. आण्णा रस्ता ओलांडून आले आणि कट्ट्यावर बसले.

"गणपा, ह्ये साहेब तुला वळखत न्हाईत."

"न्हाई."

"म्हंजे मयत थांबत न्हाई. गाडी थांबतीया."

"मग?"

"घर बघून ठेवतीया," आण्णा म्हणाले. "आणि एक गोष्ट ध्यानात आली का तुझ्या? घाटावरनं परत येताना कधीबी थांबत न्हाई. रिकामी असती तवा सुसाट जाती. माणूस न्ह्यायचा असला की मगच थांबून बघती." एवढा धीर देऊन ते जेवायला गेले.

त्या दिवसापासून गणपतरावांना तो आवाज सगळीकडं ऐकू यायला लागला. फ्रीजमध्ये यायचा, शेजारच्या मिक्सरमध्ये यायचा. एके दुपारी वीज गेली, सगळी गल्ली गप्प झाली, तरी तो आवाज येतच होता. त्यांनी कानात कापूस घातला. मग तो आतून येऊ लागला. भाकरी उतरेना. पट्ट्याला दाभणानं एक नवीन भोक पाडावं लागलं, आठवड्यानं आणखी एक. झुंबरबाई बनाबाईंचा विषय विसरून गेल्या आणि रोज दृष्ट काढू लागल्या. शिरोळहून मुलगी साक्षी आली ती दोन्ही पोरं घेऊन, "असंच, लय दिवस झालं बघितलं न्हाई म्हणून," असं म्हणाली आणि आत जाऊन आईच्या गळ्यात पडून रडली. पेठेतली माणसं सफरचंद घेऊन भेटायला येऊ लागली. आली की आधी गणपतरावांकडं बघायची, मग दाराची रुंदी बघायची.

अमरसिंह एकदा संध्याकाळी चार कार्यकर्ते घेऊन आले.

"तात्या, ज्येष्ठ नागरिक म्हणून तुमचा सत्कार करायचा ठरलाय. ह्या रविवारी."

"पण तो पंचाहत्तरीला करतासा न्हवं? मला अजून वर्स हाय."

अमरसिंहांनी कार्यकर्त्यांकडं पाहिलं, कार्यकर्त्यांनी फरशीकडं पाहिलं. "कशाला पुढं ढकलायचं?" ते शेवटी म्हणाले. "आणि एक फोटो लागंल फ्लेक्सला. जरा चांगला द्या. कायमचा उपयोगी पडंल असा."

रविवारी सत्कार झाला. शाल आणि नारळ मिळाला. भाषणं सगळी भूतकाळात झाली.

चौथं मयत आलं तोवर गणपतराव इतके खचले होते, की त्यांना भ्यायचंही बळ उरलं नव्हतं. ते उंबऱ्यावर बसूनच राहिले. गाडी चढ चढली, वळली आणि तिचा आवाज गेला. गुंईऽऽ. आज ते फक्त ऐकत होते. पहिल्यांदा आवाज पोकळ, चिरका आला. बाळासोनं पुन्हा किल्ली फिरवली, तो थोडा जड झाला. पुन्हा फिरवली, आणखी जड.

गणपतरावांची मान वर झाली. हा आवाज त्यांना माहीत होता. दीड महिन्यापासून नव्हे, बत्तीस वर्षांपासून. उन्हाळ्यात नदी आटली की उपसा केंद्रावरच्या नळाचं तोंड उघडं पडायचं, आणि शंभर घोड्यांचा पंप असाच, अगदी याच सुरात, रडायचा.

ते उठले, तरातरा गाडीजवळ गेले, आणि सगळ्यांच्या देखत रस्त्यावर आडवे होऊन डोकं गाडीखाली घातलं.

गर्दी किंचाळली. अमरसिंहांनी धावत येऊन त्यांचे पाय धरले. "तात्या! तात्या, उठा! अजून तुमचा नंबर न्हाई!"

"गप बसा!" गाडीखालून आवाज आला. "बाळासो, किल्ली मार परत. पंप हवा ओढतोय ह्यो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव शाहूपुरीत सम्राटच्या गॅरेजमध्ये होते. सम्राटनं हात पुसले आणि खुर्ची दिली.

"हे बघा तात्या, जुन्या इंजिनाचा पंप इंजिनावरच हुता. सावकाश ओढायचा, आणि कार्बोरेटरच्या वाटीत कपभर पेट्रोल कायम शिल्लक असायचं. वळणावर टाकीतनं दोन क्षण आलं न्हाई तरी वाटीतल्यावर भागायचं. नव्याला वाटीच न्हाई. त्याला पेट्रोल दाबानं लागतंय, आणि अखंड. म्हणून त्याचा करंटवरचा मोठा पंप टाकीत सोडलाय. किल्ली फिरवली की गुंई करतोय तो."

"आणि टाकी?"

"टाकी जुनीच."

"म्हंजे पंप मोठा बसवलास आणि इहीर तीच ठेवलीस."

"अध्यक्षांनी इंजिनाची वर्गणी काढलीती," सम्राट म्हणाला. "टाकीची न्हवं."

मग त्यानं चहाच्या बशीत चहा घेऊन ती तिरकी केली. तुमच्या घरासमोर चढ, म्हणून पेट्रोल मागं पळतं. तिथंच डावं वळण, म्हणून ते उजव्या अंगाला पळतं. आणि पंप बसलाय पुढं, डाव्या कोपऱ्यात. टाकीत तांब्याभर पेट्रोल असल्यावर त्याच्या तोंडाला येणार काय? गाडी थांबली की वळणाचा जोर जातो, पेट्रोल सावकाश पंपाकडं परत येतं, म्हणून थोड्या वेळानं ती सुरू होते. परत येताना सगळं उलट, उतार आणि उजवं वळण, म्हणून पेट्रोल आपण होऊन पंपाकडं धावतं. गणपतराव त्या बशीकडं बघत राहिले. गेल्या दीड महिन्यातला त्यांचा मृत्यू त्या बशीच्या कडेला चहाच्या रूपानं हेलकावत होता. त्यांनी तो पिऊन टाकला.

"उपाय?"

"टाकी उतरवून आत आडव्या पट्ट्या मारायच्या, पंपाभोवती वाटी करायची. आठ दिवस गाडी सोडा माझ्याकडं. न्हाईतर सोपं काम, निम्म्याच्या वर टाकी भरलेली ठेवा. परत बंद पडली तर माझं नाव बदला."

गणपतरावांनी तिथूनच अमरसिंहांना फोन लावला. "आठ दिवस?" अमरसिंह ओरडले. "तात्या, पेठेतली तिघं आयसीयूत हाईत! गाडी आठ तास सोडता यायची न्हाई."

"मग टाकी भरून ठेवा तालमीतनं."

"मयत नसताना पेट्रोल भरायचं?" अमरसिंह हळू आवाजात म्हणाले. "कुणाच्या नावानं? मी घरचा एकटा कर्ता माणूस हाय, तात्या."

पेठेत दुसरं कुणीही तयार होईना. भरून ठेवणारा म्हणजे जाणाऱ्याला बोलावणारा. बाळासो तर म्हणाला, निम्मी टाकी घेऊन मी गाडीत एकटा बसणार नाही. मागं कुणीतरी बसल्यासारखं वाटेल. शेवटी गणपतरावांनी पेन्शनचं पासबुक काढलं, बाळासोला शेजारी बसवला आणि कॅनमधून थोडं पेट्रोल ओतून स्वतःच शववाहिका घेऊन पेट्रोल पंपावर गेले.

रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली. नळी हातात धरून पंपावरच्या मुलीनं विचारलं, "किती, काका?"

"फुल."

मुलीचा हात थबकला. "कोण गेलंय?"

"कुणी न्हाई. असावं म्हणून भरून ठेवतोय."

तिनं नळी लावली आणि टाकी भरेपर्यंत दुसरीकडं बघत राहिली. पस्तीस लिटर बसलं.

गाडी पेठेत परतायच्या आधी बातमी परतली होती. आण्णा कट्ट्यावरून उठून उभे राहिले. "गणपा, पस्तीस लिटर! एकटा जाणार हायस का सगळी गल्ली नेणार हायस?"

"अरं, पंप हवा ओढतोय म्हणून..."

"कळलं, कळलं. हवापाण्याचं बोलू नगंस." आण्णांचे डोळे भरून आले. "पर एवढी तयारी कुणी करत न्हाई रं. आमच्या म्हाताऱ्यानं नुसतं धोतर काढून ठेवलतं."

घरात झुंबरबाई बोलायच्या बंद झाल्या. गगनबावड्याहून त्यांचा भाऊ आला तो घोंगडं घेऊन, राहायच्या तयारीनं. गणपतरावांनी सगळ्यांना बशी तिरकी करून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. चमत्कारिक बोलायला लागलेत, असं भावानं रात्री शिरोळला परत गेलेल्या साक्षीला फोनवरून कळवलं.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. पेठेत कुणी मरेना. गणपतरावांच्या पेट्रोलवर पहिला जाण्याचा मान कुणालाच नको होता. आयसीयूतले तिघंही घरी आले. तरणी पोरं हेल्मेट घालून दूध आणायला जाऊ लागली. वीस वर्षं पिणारा एकजण ताकावर आला. तालमीच्या शेडमध्ये ती गाडी भरल्या पोटानं उभी असायची, आणि तिच्याजवळून जाताना माणसं पावलं उचलून, श्वास धरून जायची. तीन आठवडे असे गेले.

शेवटी मागच्या गल्लीतले एक निवृत्त तलाठी गेले. वय एक्क्याण्णव. दोन्ही कानांनी ऐकू येत नसल्यामुळं पेट्रोलची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

सकाळ होती. धुकं पुन्हा गल्लीत उतरलं होतं. पेठेतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं उभी होती. गणपतराव दारात आले. झुंबरबाईंनी मागून त्यांचा सदरा घट्ट धरून ठेवला.

गाडी चढाला लागली. इंजिनाचा आवाज धुक्यातून आधी आला, गाडी मागून आली. वळण आलं. ती डावीकडं वळली. गणपतरावांनी डोळे मिटले. आवाज तुटला नाही. एकदाही अडखळला नाही. भरल्या पोटाच्या वाघासारखा गुरगुरत तो त्यांच्यासमोरून गेला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मागची काच उंबरा ओलांडून पुढं सरकली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीत पूर्ण श्वास भरला.

"बघ," ते मागं न वळता म्हणाले, "गेली का न्हाई?"

तेवढ्यात धुक्यात दोन लाल दिवे लागले.

गाडी थांबली. मग संथपणे मागं मागं येत, मागची माणसं दुतर्फा सारत, बरोबर उंबऱ्यासमोर आली आणि उभी राहिली. इंजिन चालूच होतं. बाळासो खाली उतरला, त्यानं चपला काढल्या आणि हात जोडले.

"चुकलं, तात्या. नादात पुढं गेलतो."

"अरं, पर थांबलास कशाला?" गणपतरावांचा आवाज चिरकला. "बंद तर पडली न्हाई न्हवं?"

"बंद कशाला पडंल? तुमच्या पेट्रोलावर चाललीया. तुमाला इचारल्याबिगर दारावरनं कसं जायचं? बरं दिसतंय काय ते?"

तलाठ्यांचा मुलगा पुढं आला आणि गणपतरावांच्या पाया पडला. "तात्या, आमच्या आबास्नी जा म्हणा." मागोमाग अमरसिंह आले. त्यांनी घसा खाकरला आणि सभेत बोलतात त्या आवाजात सांगून टाकलं, "हितनं पुढं पेठेतलं परत्येक मयत तात्यांच्या दारात पाच मिंट थांबंल. त्यांचा मान हाय तो." शंभर माणसांनी माना हलवल्या. गणपतरावांच्या उंबऱ्याकडं तोंड करून शंभर जणांचे हात जोडले गेले.

गणपतरावांनी काचेतून आत पाहिलं. तलाठी शांत झोपले होते. गाडीखालून पंपाचा आवाज येत होता. आता तो चिरका नव्हता, जड होता, तृप्त होता, थांबत नव्हता.

"बाळासो," त्यांनी विचारलं, "आणि ही टाकी सपल्यावर?"

बाळासोनं जरा विचार केला. मग गाडीत चढता चढता मायेनं म्हणाला, "मग काय, पयल्यासारखी आपली आपण बंद पडंल की हितं. तुमी नका काळजी करू."